अर्ध्या विमानतळाची पोलीस

ऑर्लीनचा पहिला बिल्ला कापडाचा होता. खाकी सदऱ्याच्या खिशावर शिवलेला, आणि त्यावर निळ्या दोऱ्यानं 'सुरक्षा' एवढंच भरलेलं. कॉलियर काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी होबार्ट माझ्या काउंटरवर कॉफी प्यायला बसला की हटकून म्हणायचा, "ऑर्लीन, तुझ्या बिल्ल्याचं एक बरं आहे बाई. सदऱ्याबरोबर धुवायला टाकता येतो."

"तुझाही टाकत जा," ऑर्लीन म्हणायची. "ग्रेव्ही सांडलीय त्याच्यावर."

होबार्ट खरंच मान खाली घालून बघायचा. दर वेळी बघायचा.

आमचा विमानतळ डोंगराच्या माथ्यावर होता. कोळशाच्या कंपनीनं माथा कापून नेला आणि उरलेली सपाटी आम्हाला दिली. त्यातली अर्धी पडली कॉलियर काउंटीत आणि अर्धी मॅथेनीत. दुसऱ्या काउंटीला एकटीला विमानतळ मिळावा हे दोन्हीकडच्या लोकांना सहन होण्यासारखं नव्हतं. मग दोघींनी मिळून एक प्राधिकरण काढलं आणि इमारत बरोबर हद्दीवर बांधली. उद्घाटनाच्या दिवशी फरशीत पितळेची पट्टी बसवली. दोन्हीकडचे बँडवाले आपापल्या बाजूला उभे राहून वेगवेगळी गाणी वाजवत होते, एकाच वेळी.

ती पट्टी मोठ्या दारातून निघून थेट माझ्या काउंटरखालून जायची. माझ्याकडे आठ स्टुलं होती. चार मॅथेनीत, चार कॉलियरमध्ये. मी अंडी मॅथेनीत फोडायची आणि कॉलियरमध्ये वाढायची. शाळेच्या सहली आल्या की मुलं पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उभी राहायची आणि बाई त्यांचे फोटो काढायच्या. तोपर्यंत सगळं गमतीचं होतं.

भांडण झालं की गंमत संपायची. ऑर्लीन प्राधिकरणाची नोकर, शेरीफची नव्हे. तिला कुणाला अटक करता येत नव्हती, हात धरून थांबवतासुद्धा येत नव्हतं. तिच्याकडे किल्ल्यांचा जुडगा, एक बॅटरी आणि एक फोन. काही झालं तर शेरीफच्या कचेरीत कळवायचं, आणि जिथं झालं त्या काउंटीच्याच शेरीफला. घाटाचा रस्ता चढून डेप्युटी वर यायला अर्धा तास लागायचा, ओढ्याला पाणी असलं तर त्याहून जास्त. आणि वर येऊन तो आधी विचारायचा, "पट्टीच्या कुठल्या बाजूला?" दुसऱ्या बाजूला असेल तर होबार्ट पट्टीशी बुटांची टोकं जुळवून उभा राहायचा, पोहायला न येणारा माणूस तळ्याच्या काठावर उभा राहतो तसा. मॅथेनीचा डेप्युटी क्लीटस त्याच्याहून वाईट. तो पट्टीपर्यंतसुद्धा यायचा नाही. दारात उभा राहून ओरडायचा, "नेव्हा, माझी कॉफी इकडे आण गं!"

तेव्हा ऑर्लीननं आपली एक रीत बसवली होती. ती आधी दोन्हीकडे फोन करून बघायची, कुणाचा माणूस जवळ आहे. मग ती त्या दारुड्याजवळ किंवा विमान चुकल्यामुळे आरडाओरडा करणाऱ्या माणसाजवळ जायची. "काय हो, सकाळपासून पोटात काही आहे का? आमच्या नेव्हाची गोड पाई खाल्ल्याशिवाय या डोंगरावरून कुणी जात नाही. चला, माझ्याकडून." येता येता ती उजव्या कानाला हात लावायची, नाहीतर डाव्या. उजवा कान म्हणजे कॉलियर. मी त्या बाजूच्या स्टुलासमोर ताटली ठेवायची आणि पाईचा मोठा तुकडा कापायची. माणूस बसायचा. आपल्याला हव्या त्या काउंटीत बसायचा आणि डेप्युटी येईपर्यंत बसून राहायचा, कारण समोर पाई असताना उठून मारामारी करायला माणसाला जरा लाजल्यासारखं होतं.

एका नाताळात एक जण आला होता, त्याला विमान स्वतः चालवायचं होतं. भलताच प्यायलेला. ऑर्लीननं त्याला बटरमिल्क पाई दिली, मग सुक्या सफरचंदांची, मग परत बटरमिल्कची.

"मी वैमानिक आहे," तो तिला सांगत होता.

"दिसतंच आहे ते. पण वैमानिक रिकाम्या पोटी जात नाहीत ना वर."

"नाही जात," तो म्हणाला. "ते खरंय." आणि होबार्ट येईपर्यंत काउंटरवर डोकं टेकून झोपून गेला. होबार्टनं त्याला गाडीत घातलं, घरी सोडलं. ना तक्रार, ना खटला. असं कितीतरी वेळा झालं. मला वाटायचं, याहून चांगला कायदा कुठल्या गावाला असेल?

ऑर्लीनला तसं वाटत नव्हतं. ती बाविशीची असताना शेरीफच्या कचेरीत नोकरी मागायला गेली होती. तेव्हाचे शेरीफ म्हातारे होते, भले होते. म्हणाले, "पोरी, आमच्या कोठडीतल्या लोकांना डाळ रांधून घालायला बाईमाणूस हवंय." तिनं दोन वर्षं कैद्यांना घेवड्याची डाळ आणि मक्याची भाकरी रांधून घातली. मग डेन्झिलशी लग्न केलं, खाणीच्या ऑफिसात फरशा पुसल्या, मग विमानतळावर लागली. तो कापडी बिल्ला पहिल्यांदा घालून ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, "शोभतोय." ती म्हणाली, "पडद्याच्या कापडासारखा दिसतो."

तरीही तिनं तो बरीच वर्षं हसत घातला. पिवळ्या स्वेटरवाली येईपर्यंत.

पानं गळायचे दिवस होते. दुपारच्या विमानाला एक जोडपं आलं. बाई पंचविशीची, घरी विणलेला पिवळा स्वेटर, बाह्या हाताच्या बोटांपर्यंत ओढून घेतलेल्या. नवरा नीटनेटका, इस्त्रीचा सदरा. दारातून आत येताना त्यानं तिला ढकललं, आणि मग पलीकडे मॅथेनीच्या बाजूला खुर्च्यांपाशी गेल्यावर तिचा हात पिरगाळला. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या वर्तमानपत्रात डोकं घातलं.

ऑर्लीननं फोन केले. मग त्यांच्याकडे गेली, पाईचं बोलली. नवरा छान हसला आणि आला. मॅथेनीच्या स्टुलावर दोघं बसली. तो खात होता, ती ताटलीकडे बघत होती. त्या दिवशी दोन्ही डेप्युटी वेळेवर पोचले, आणि तेच नडलं. क्लीटस म्हणाला, आधी दारात ढकललं म्हणजे सुरुवात कॉलियरमध्ये झाली, हे होबार्टचं. होबार्ट म्हणाला, हात पिरगाळला तो तुझ्याकडे, मोठा गुन्हा तो. पट्टीच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं अगदी सभ्यपणे एकमेकांना आग्रह करत होते, जेवणाच्या टेबलावर शेवटच्या तुकड्याचा करतात तसा. तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. नवऱ्यानं तोंड पुसलं, मला "फार छान पाई, बाई" म्हणाला, बायकोचं कोपर धरलं आणि फाटकाकडे चालू लागला.

ऑर्लीन फाटकात आडवी उभी राहिली.

"तुम्ही पोलीस आहात का?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही.

ऑर्लीननं आपल्या खिशाकडे पाहिलं. आणि ती बाजूला झाली.

त्या मुलीनं जाताना तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. पत्ता विचारावा आणि समोरच्यानं मला माहीत नाही म्हणावं, तेव्हा माणूस कसं बघतं, तसं. विमान गेलं. काउंटरवर तिची ताटली तशीच होती, काटासुद्धा टोचलेला नव्हता.

"मी बाजूला झाले, नेव्हा," ऑर्लीन म्हणाली.

"मग काय करणार होतीस?"

"ते मला माहीत नाही. पण मी बाजूला झाले."

त्यानंतर ती होबार्टच्या थट्टेला उत्तर देईनाशी झाली. तोही मग थट्टा करेनासा झाला.

दहाएक वर्षं गेली. आमचे व्यवस्थापक व्हिटलो यांनी एक दिवस सांगितलं की राजधानीत एक विधेयक येतंय. आमच्या प्राधिकरणाला स्वतःचे पोलीस नेमता येतील. खरे, शपथ घेतलेले, अटक करण्याचा अधिकार असलेले. समितीपुढे कुणीतरी इथलं जाऊन बोलायला हवं होतं. व्हिटलोंना चार लोकांसमोर उभं राहिलं की घाम फुटायचा. त्यांनी ऑर्लीनला पाठवलं, आणि ऑर्लीननं मला बरोबर ओढलं.

डेन्झिल तेव्हा घरीच असायचा. खाणीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती, नाकाला नळी आणि बाजूला ऑक्सिजनचं नळकांडं. पण तो जुना लष्करातला गडी. ऑर्लीनचा गणवेश रोज तोच इस्त्री करायचा, खुर्चीत बसून, मधे मधे दम खात. राजधानीला निघायच्या सकाळी तिच्या बाहीची घडी नीट करत तो मला म्हणाला, "नेव्हा, हिला तिथं जास्त बोलू देऊ नकोस. आमदार आहेत ते, त्यांना मधे मधे टाळ्या लागतात."

"तू श्वास घे आधी," ऑर्लीन म्हणाली.

समितीच्या खोलीत गालिचा इतका जाड होता की आमच्या बुटांचा आवाजच येईना. एका लठ्ठ आमदारांनी विचारलं, "श्रीमती स्टिडम, सध्या तुमच्याकडे हत्यार काय असतं?"

"पाई, साहेब."

सगळे हसले. "कसली?"

"हंगामावर आहे. जूनमध्ये ऱ्हुबार्ब."

परत हसले. मग तिनं कानांची खूण सांगितली, स्टुलं सांगितली. लोक डोळे पुसत होते हसून. मग तिनं पिवळ्या स्वेटरवालीचं सांगितलं, त्याच आवाजात, आणि खाली बसली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

वसंतात कायदा झाला. ऑर्लीन एक्कावन्न वर्षांची होती. पोलीस व्हायचं तर प्रशिक्षण होतं, आणि प्रशिक्षणात घुसायचं तर आधी धावून दाखवायचं होतं. ती रोज सकाळी धावपट्टीच्या कडेच्या रस्त्यावर धावायची. मागून डेन्झिल आपली ट्रक रांगत्या वेगानं चालवायचा, शेजारच्या सीटवर नळकांडं, खिडकीची काच खाली.

"अगं ए, गोगलगाय पुढे गेली तुझ्या!"

"तिला चार पोरं झालेली नाहीत!" ऑर्लीन ओरडायची.

पहिल्या चाचणीत ती नापास झाली. घरी आली, भांडी घासली. दुसऱ्या चाचणीत पास झाली आणि नवे बूट आणले. उन्हाळाभर राजधानीत राहून आली. धातूचा बिल्ला मिळाला तेव्हा डेन्झिलनं आधी तो दातांनी चावून पाहिला, मग कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर लावला. ऑर्लीन म्हणाली, "टोचू नकोस मला, म्हाताऱ्या." तिच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं.

शपथ माझ्या काउंटरपाशीच झाली. कॉलियरच्या कोर्टातले कारकून आले होते. त्यांनी कायद्याचं कलम मोठ्यानं वाचलं. प्राधिकरणाच्या पोलिसांना अधिकार राहील तो 'ज्या काउंटीत प्राधिकरणाचं कार्यालय आहे त्या काउंटीच्या हद्दीत'. ते वाचून कारकून थांबले. व्हिटलोंनी आपल्या कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. कार्यालय बायकांच्या संडासाला लागून होतं, कॉलियरच्या बाजूला. मग सगळ्यांनी मिळून खाली पट्टीकडे पाहिलं.

चूक कुणी मुद्दाम केली नव्हती. ज्यांनी मसुदा करून घेतला ते आमदार कॉलियरचे. आमच्याकडे कॉलियरचा माणूस विमानतळ म्हणाला की त्याच्या डोक्यात तो कॉलियरमध्येच असतो, आणि मॅथेनीच्या माणसाच्या डोक्यात मॅथेनीत. मसुदा मॅथेनीच्या आमदारांनीही वाचला होता. 'ज्या काउंटीत कार्यालय आहे' म्हणजे आपलीच, असं समजून त्यांनी मान डोलावली होती. दोन्ही काउंट्या खूश होत्या. पट्टी कुणाला आठवलीच नाही.

होबार्टला राहवलं नाही. "म्हणजे ऑर्लीन, तू चार स्टुलांची पोलीस झालीस!"

सगळे हसले. डेन्झिलसुद्धा हसला आणि मग खोकत बसला. ऑर्लीन हसली नाही. ती पट्टीपलीकडे बघत होती. खुर्च्या पलीकडे होत्या. फाटक पलीकडे होतं.

दुरुस्ती पुढच्या जानेवारीत अधिवेशन भरेल तेव्हा. तोवर व्हिटलोंनी तिला बजावलं, "पलीकडे कुणाला हात लावलास तर खटला पहिल्याच दिवशी पडेल, ऑर्लीन. माणूस हसत घरी जाईल. आणि घरी त्याची वाट कोण बघत असेल ते तुला मी सांगायला नको."

त्यामुळे कमरेला पिस्तूल, छातीवर धातूचा बिल्ला, आणि तरी ऑर्लीन पुन्हा कानाला हात लावू लागली. फक्त आता डावा कान कधीच नाही. नेहमी उजवा.

आणि ऑक्टोबरात ती आली. पिवळ्या स्वेटरवाली नव्हे, दुसरीच. तिशीची, लाल सुटकेस, एकटी. खुर्च्यांपाशी बसून दाराकडे बघत होती. विमानाला अजून वेळ होता. मी तिला लांबूनच विचारलं, "कॉफी?" तिनं मान हलवली. "बहिणीकडे चाललेय," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं बाहेर ट्रकचं दार आपटलं. माणूस आत आला, थेट तिच्याकडे गेला, सुटकेस उचलली आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. "चल," म्हणाला. एवढंच.

ऑर्लीन पट्टीच्या अलीकडे उभी होती. तिनं मॅथेनीला फोन केला. क्लीटस गावात शाळेच्या सामन्याच्या बंदोबस्ताला होता. मी तिचा चेहरा बघत होते. ती एक पाऊल पुढे गेली, पट्टीच्या पलीकडे, आणि तिथं तिचा बिल्ला पुन्हा कापडाचा झाला. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्या माणसाला माहीत नव्हतं, पण कोर्टात त्याच्या वकिलाला कळलं असतं.

तिचा हात उजव्या कानाकडे गेला.

"काय गं लेकी," ती त्या मुलीला म्हणाली, जुन्याच आवाजात, जणू शेजारचीच आहे. "तोंड किती उतरलंय तुझं. विमानाला वेळ आहे. नेव्हानं आत्ताच पाई काढलीय."

"ती काही खाणार नाही," माणूस म्हणाला. "आम्ही घरी चाललोय."

"तुम्हीही या ना साहेब. घाटात गाडी चालवायची, कॉफी पिऊन जा. माझ्याकडून."

खुर्च्यांवर सात-आठ माणसं होती, सगळी बघत होती. असल्या पुरुषांना चारचौघांत आपण चांगले दिसावं अशी भारी हौस असते. तो हसला. "पोलीसच बोलावतायत म्हटल्यावर!" म्हणाला. दंड न सोडता तिला घेऊन आला.

मी ताटली पाचव्या स्टुलासमोर ठेवली होती, कॉलियरमधल्या पहिल्या. ती त्यावर बसली. पण तो चौथ्यावर बसला. चौथं मॅथेनीत. माझ्या हातातला सुरा तसाच राहिला. दोघांच्या मधे, खाली फरशीत, ती पितळेची पट्टी चकाकत होती. मी सकाळीच पुसली होती.

"साहेब, इकडे बसा, इकडे उजेड आहे," ऑर्लीन म्हणाली.

"बरा आहे मी इथं."

मी कॉफी ओतली. तो प्यायला. ती मुलगी पाईकडे बघत होती. मग तिनं काटा उचलला, आणि तो हातात असताना, मान वर न करता, अगदी हळू म्हणाली, "मी येणार नाही घरी, डेल."

त्यानं कप खाली ठेवला. ऑर्लीन तिच्या मागेच उभी होती, हातभर अंतरावर. ऑर्लीनचा हात वर येताना मी पाहिला, आणि थांबलेला पाहिला. डेलचा हात थांबला नाही. ताटली फरशीवर गेली.

ऑर्लीननं तो हात मनगटाला धरला, जिथं होता तिथंच, आणि असा ओढला की तो माणूस स्टुलावरून घसरून पट्टीच्या अलीकडे गुडघ्यांवर आला.

"बसलात मॅथेनीत," ऑर्लीन म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण मारलंत कॉलियरमध्ये." आणि बेड्या घातल्या. पहिल्या वेळी नीट लागल्या नाहीत, परत घालाव्या लागल्या.

विमान त्या दिवशी उशिरा सुटलं. लाल सुटकेसवाली त्यातून गेली. गालावर माझ्याकडचा बर्फाचा रुमाल धरून गेली. फाटकात ऑर्लीननं तिच्या बॅगेला हात लावला आणि बाजूला झाली, तिला वाट द्यायला.

खटल्यात डेलच्या वकिलानं खूप ओढाताण केली. अशील मॅथेनीत बसलेला होता, त्याला ओढून हद्दीबाहेर आणलं वगैरे. न्यायाधीशांनी माझ्याकडे नाश्ता केलेला होता, माहीत नाही किती वेळा. त्यांनी मला विचारलं, "नेव्हा, थोबाडीत बसली तेव्हा थोबाड कुठल्या स्टुलावर होतं?"

"पाचव्या, साहेब."

"पाचवं कॉलियरमध्ये येतं," ते म्हणाले. "माझं नेहमीचं आहे ते." आणि शिक्षा दिली. ती मुलगी साक्षीला आली होती, बहिणीबरोबर. नंतर दोघी माझ्याकडे आल्या. त्या दिवशी तिनं पाई संपवली आणि बोटानं ताटलीतले कणसुद्धा वेचले.

डेन्झिलनं ती बातमी गावभर सांगितली, जितका दम होता तितकी. होबार्टनं टोपी काढून ऑर्लीनला सलाम केला, थट्टेनं नाही. मी म्हटलं, "आता तरी खूश हो, बाई."

ती काउंटर पुसत होती, माझा काउंटर, कुणी सांगितलं नसताना. "त्याचा हात उठेपर्यंत मी वाट बघितली, नेव्हा."

"वाट बघावीच लागली असती. कायदा तसा होता."

"हो. तो कायदा मीच तर मागून आणला."

जानेवारीत दुरुस्ती झाली. एक शब्द इकडचा तिकडे, आणि अख्खा विमानतळ तिचा झाला. अकरा वर्षं तिनं तो सांभाळला. कान दोन्ही मोकळे झाले. पाईच्या आडून कुणाला बसवायची गरज उरली नाही, तरी ती बसवायची, सवय म्हणून. तिच्या हाताखाली आलेली मुलं वाटेल तिथं उभी राहून वाटेल त्याला पकडू शकायची, आणि त्यांना पट्टी म्हणजे काय ते सांगावं लागायचं. मग इमारत पाडून काचेची बांधली. माझ्या काउंटरच्या जागी आता नाणी टाकून खाऊ घ्यायची यंत्रं आहेत. पट्टीचं काय झालं ते माहीत नाही. डेन्झिल त्याच्या आधीच गेला. शेवटपर्यंत इस्त्री करत होता.

जुनं सामान विकायला काढलं तेव्हा मी माझी दोन स्टुलं घेतली. चौथं आणि पाचवं. ती माझ्या ओसरीवर आहेत. ऑर्लीन गुरुवारी येते. गुडघे गेलेत तिचे, पायरी चढताना मला शिव्या देते. माझ्यापुरती खुर्ची आहे. ती चौथ्यावर बसते, त्या माणसाच्या.

गेल्या गुरुवारी विमान डोक्यावरून गेलं आणि नेहमीप्रमाणे तिनं मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"पिवळ्या स्वेटरवाली आता साठीची असेल गं."

"असेल की."

"मी फाटकातून हलले नसते तर?"

"तर होबार्टनं तुला आत टाकलं असतं."

"टाकलं असतं," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी त्यानं पट्टीसुद्धा ओलांडली असती."

आम्ही दोघी हसलो. मग मी आत जाऊन पाई कापली आणि दोन ताटल्या घेऊन आले. पाचव्या स्टुलावर आम्ही कुणीच बसत नाही. ताटल्या त्याच्यावर ठेवतो.